खिल्लार गाय आणि वहिनीचं माहेर

भाजे गावी आमच्या घरी एक खिल्लार गाय आहे. तिचा अभिमान मात्र तळेगावात, माझ्या फ्लॅटमध्ये राहतो. मागे थोरला भाऊ तिला विकायला निघाला, तेव्हा मीच तणतणत गेलो. शेजारची जर्सी एप्रिलच्या उन्हात जीभ बाहेर काढून धापा टाकते, ही भर दुपारी डोंगराच्या उतारावर चरते. अशी जात आता मावळात औषधालाही उरली नाही, असं भाषण ठोकलं. भावाने विकायचा बेत सोडला. गाय राहिली, आणि तिचं शेण काढायला वहिनी होतीच.

यंदा गाईचं वासरू दगावलं. तेव्हापासून ती वहिनीशिवाय कुणाच्याच हाताला पान्हा सोडेना. भावाला तर तिने बादलीसकट उडवलं. दूध तटून कास सुजायला नको, म्हणून वहिनी दोन्ही वेळच्या धारेला घरात हवीच. नेमकी तेव्हाच सोमाटण्याला, माहेरी, तिची आई अंथरुणाला खिळली. वहिनी सकाळची धार काढून जायची आणि संध्याकाळच्या धारेला परत यायची. "येक रात तरी ऱ्हा की गं," आई म्हणायची. वहिनी मला फोनवर हे सांगायची, आणि मी गाईचं कौतुक करायचो.

आई गेली तेव्हा वहिनी गोठ्यात होती.

दहाव्यापर्यंत ती माहेरी राहणार, म्हणून मी रजा टाकून भाज्याला आलो. पहिल्याच संध्याकाळी गाईने आम्हा दोघा भावांना जवळ फिरकू दिलं नाही. चिडून मागे वळलो, तर गोठ्याच्या खुंटीवर वहिनीचं जुनं पातळ दिसलं, धारेच्या वेळी नेसायचं, न धुतलेलं. निव्वळ थट्टा म्हणून ते अंगाला गुंडाळून डोक्यावर पदर घेतला. भावाची हसून मुरकुंडी वळली. गाईने पदर हुंगला, माझा हात चाटला, आणि कासेला हात लावताच पान्हा सोडला. चरवी अर्धी भरली. मला इतका आनंद झाला, की तिथूनच वहिनीला फोन लावला आणि हसत हसत सगळं सांगून टाकलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "भावजी, माजी आय हातरुनात व्हती, तवा कुनालाच कसं न्हाई सुचलं ह्ये?"