डोळ्यावरचा हार

दसऱ्याच्या आधी बाजारात झेंडूचे ढीग लागले की त्या वासाबरोबर मला जळक्या प्लास्टिकचा वास येतो. आळेफाट्याजवळ टोमॅटो सॉसच्या कारखान्यात आम्ही बायका पिशव्या चिकटवणाऱ्या मशीनवर होतो. त्याच्या तापलेल्या जबड्यापुढे एक काचेचा डोळा होता. हात आत गेला की डोळ्याला दिसायचं आणि मशीन जागीच थांबायचं. खंडेनवमीला माझ्या राजुरीच्या मैत्रिणीनं मशीनला हळदकुंकू लावून भलामोठा हार घातला. तो डोळ्यासमोर लोंबला आणि मशीन चालू होईना. "मावशी, तुमच्या मशीननं उपास धरलाय वाटतं," म्हणत फिटर हार काढायला गेला. ती आडवी आली. "आज वाहिलेला हार आजच उतरवत न्हाईत, भाऊ." साहेब ओरडले, "बाहेर टेंपो उभा आहे. वायर जोड आणि चालू कर." फिटरनं डोळ्याला वगळून वायर परस्पर जोडली, डोळा आंधळा केला, मशीन चालू झालं. सुट्टीनंतर सुकलेला हार काढून टाकला, वायर मात्र तशीच राहिली. अडकलेली पिशवी काढायला तिनं नेहमीसारखा हात आत घातला. जबडा थांबला नाही. उजव्या हाताची चार बोटं गेली. "हार कुणी घातला होता?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, आणि तिनं मान खाली घातली. मरेपर्यंत ती हाराचाच दोष म्हणत राहिली. मी अजून दर खंडेनवमीला घरच्या शिलाई मशीनला हार घालते. हारानं मशीन थांबलं होतं. बोटं वायरनं नेली.