आबांना विचारून बसा

माझ्या मावशीच्या यजमानांना, म्हणजे आमच्या आबांना, विचारल्याशिवाय नेवाशाजवळच्या त्या चौफुल्यावरून कावळासुद्धा उडत नसे, मग माणसाची काय बिशाद! चार वाटा चार दिशांना गेलेल्या, मधे एक लिंब, शेजारी चहाची टपरी आणि लिंबाखालच्या दगडावर सकाळीच भाकरी खाऊन बसलेले आबा. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेत होतं, पण बहात्तरच्या त्या दुष्काळात शेतात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. रस्त्यावर मात्र माणसंच माणसं, कुणी खडी फोडायला निघालेलं, कुणी ऊसतोडीला.

रस्ता विचारणाऱ्याला आबा लगेच रस्ता सांगत नसत. आधी गाव कुठलं, मग कुणाचा कोण, मग सोयरीक कुठं झाली. काष्टीच्या बाजाराला निघालेल्या एका गृहस्थाची त्यांनी अशी चौकशी चालवली की त्याची एसटी गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. "जाऊ द्या, लई गर्दी हुती तिला," म्हणत आबा त्याला घरी जेवायलाच घेऊन आले. मावशीने एक हात कपाळाला लावला आणि दुसरा पिठाच्या डब्यात घातला.

गंमत म्हणजे आबांना अक्षरओळख नव्हती. गाडीची पाटी त्यांच्या लेखी निव्वळ शोभेची. गाडी ते कानांनी ओळखत. ती वळणापलीकडे असतानाच डोळे मिटून सांगत, "ही पुनतांब्याची. चढाला खोकती बगा." कधीच चुकत नसत. मी एकदा आगाऊपणे पाटी वाचून आधीच गाव सांगितलं, तर दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

चुकले ते फक्त त्या दिवाळीत. त्यांची लेक माहेरी आली होती. भाऊबीज झाली की लगेच परत ये, असा पुणतांब्याहून सासूचा निरोप होता, आणि आता वर्षभर तिचं येणं नव्हतं. आम्ही तिला पोचवायला चौफुल्यावर गेलो. गाडी चढाला खोकत खोकत आली आणि समोर उभी राहिली. आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "ही न्हवं. आपली उद्या हाय."

लेक चार बुकं शिकलेली. तिने पाटी वाचली. मी तोंड उघडणार तोच तिने मला डोळ्यांनी दटावलं.

"व्हय आबा, उद्याच हाय," ती म्हणाली आणि घराकडे वळली. आबांनी तिच्या हातातलं बोचकं काढून घेतलं आणि ते पुढे चालू लागले.

आता चौफुल्यावर बाण काढलेली मोठी पाटी आहे. मी ती वाचतो, बरोबर गाडीत बसतो, वेळेवर पोचतो. माझी गाडी चुकावी असं वाटणारं तिथे आता कुणी नाही.