खुराड्याची डबल बेल

आमच्या घरी आता कुणी तारीख सांगत नाही. "आबांना लकवा मारल्यावर, पण सुशीला खुडूक बसायच्या आधी," असा हिशेब चालतो. सुशीला म्हणजे कोंबडी. आजाऱ्याला बघायला आलेला माणूस बिस्किटाचा पुडा ठेवतो, चहा पितो आणि जाताना एक किस्सा घेऊन जातो. महिन्याभरानं तोच किस्सा तिखटमीठ लावून उदगीरहून परत मलाच ऐकवला जातो. म्हणून म्हटलं, खरं काय झालं ते एकदा आपणच सांगून मोकळं व्हावं.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीत कंडक्टर. नांदेड-बिलोली रूटवर उभी हयात गेली. त्यांची दोन वाक्यं सगळ्या रूटला पाठ: "पुढं सरका" आणि "पुढं जागा हाय." पुढं जागा कधीच नसायची. माझ्या लग्नात स्टेजवर फोटो काढतानाही ते हेच म्हणाले, आणि माझा मेव्हणा स्टेजवरून खाली गेला.

रिटायर झाले आणि दीड महिन्यात लकवा. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलतील, न बोलतील, सांगता येत नाही. वर्षभर वाट बघा." त्या दिवसापासून आई दिवस मोजायला लागली. बायको पोरीच्या नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहिलेली. म्हणजे अर्धापूर रोडच्या आमच्या घरात एक न बोलणारे, एक बोलायची न थांबणारी, आणि मधे मी, हायस्कूलचा विज्ञानाचा मास्तर.

* * *

कोंबड्या आणल्या बिलोलीच्या मामानं. लोक नारळपाणी आणतात. या गड्यानं पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आणला, पाय बांधून, थैलीत घालून, एसटीनं.

"दाजीला सूप पाजा. गावरान हाय," मामा म्हणाला.

आबांनी थैलीकडं बघितलं, मामाकडं बघितलं आणि डाव्या हाताची दोन बोटं चिमटा धरल्यासारखी हवेत दाबली. एकदा. मग परत. मला काही कळेना. आईला बरोबर कळलं.

"कोंबड्यांचं तिकीट काढलं होतं का, इचारून राहिलेत."

मामा अर्धा चहा टाकून उठला.

* * *

सूप काही झालं नाही. आईचे सोमवार, गुरुवार, शनिवार. घरात अंडंसुद्धा शिजत नाही, त्यासाठी अंगणात लिंबाखाली तीन विटांची चूल आणि वेगळं पातेलं. ते सगळं जमलं, पण कोंबडी कापायची कुणी?

"तू पोरांना पोटातलं सगळं दाखवतो ना रोज? मग काप की," आई म्हणाली.

"आई, तो तक्ता असतो. खिळ्याला टांगलेला."

तरी मी विळी घेऊन लिंबाखाली गेलो. कोंबडीनं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "आज गुरुवार हाय." शुक्रवारी तिला आठवलं की संकष्टी आहे. रविवारी त्या कोंबडीनं अंडं दिलं आणि विषय मिटला. आबांना रोज एक उकडलेलं अंडं सुरू झालं.

* * *

आबांना बहिणी पाच, कोंबड्याही पाच. आईनं चाळीस वर्षांचा हिशेब एका दुपारी चुकता केला आणि सगळ्यांची नावं ठेवून टाकली. त्यातली सुशीला सगळ्यात बेरकी. आपलं सोडून दुसऱ्याच्या दाण्यात चोच घालायची. आई म्हणायची, "नाव बरोबर पडलं बघ."

सुशीलाआत्या उदगीरहून भावाला बघायला आली. मी तिची बॅग घेऊन फाटक उघडतोय, तोवर आतून आईचा आवाज आला, "सुशीले, पुन्हा ओसरीवर हागलीस? आता तंगडी धरून फेकते का न्हाई बघ."

आत्या जागच्या जागी थांबली. मी बॅगेच्या चेनकडं बघत राहिलो. आई हातात झाडू घेऊन बाहेर आली. तिची एक पापणी हलली असेल तर शपथ.

"या वन्सं. तुमचीच आठवण काढून राहिले होते."

आत खाटेवर आबांचं पोट हलत होतं. तोंड वाकडं झालेलं, आवाज नाही, पण हसत होते. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा. त्या एका हसण्यासाठी मी आत्याची दोन दिवस बोलणी खाल्ली आणि मला काही वाटलं नाही.

* * *

फिजिओथेरपीवाल्यानं उजव्या हातासाठी रबरी बॉल दिला होता. आबांनी तो डाव्या हातानं कोंबड्याला फेकून मारला. बॉल पत्र्यावर गेला, कोंबडा जागेवर राहिला.

दुसऱ्या दिवशी आईनं कोंबड्यांना टाकायच्या ज्वारीची टोपली त्यांच्यापुढं धरली. आबांनी डावा हात घातला. आईनं मनगट पकडलं.

"डाव्या हातानं घास घालायचा न्हाई. मुका जीव असला म्हणून काय झालं?"

आता आबा आयुष्यभर या गोष्टींचे पक्के. डाव्या हातानं त्यांनी कधी कुणाला पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही. आईनं उजव्या मुठीत दाणे भरले. मूठ काही उघडेना. समोर पाच बहिणी माना वर करून उभ्या. आबांच्या कपाळावर घाम आला. मी म्हटलं, "राहू दे ना आई, कशाला छळतेस?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी शाळेत निघून गेलो.

संध्याकाळी विचारलं, तर अर्ध्या तासात एक दाणा पडला होता. तो अर्थातच सुशीलानं खाल्ला. दीड महिन्यानं मूठ उघडायला लागली. फिजिओथेरपीवाल्यानं फाईलवर लिहिलं, बॉलच्या व्यायामानं चांगली सुधारणा. बॉल अजून पत्र्यावर आहे.

* * *

आबांना आम्हाला हाक मारता यावी म्हणून मी खुराड्यावर एक घंटी टांगली आणि तिची दोरी खिडकीतून त्यांच्या खाटेपर्यंत आणली. काही शिकवावं लागलं नाही. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. एसटीचाच कायदा.

आई बोलायला लागली की एक बेल. ती थांबायची नाही, हा भाग वेगळा. कोंबड्या सकाळी दोन बेलला बाहेर पडायच्या. सुशीलाआत्याचा मुक्काम चौथ्या दिवसावर गेला, तेव्हा जेवण झाल्या झाल्या दोन बेल वाजल्या.

"काय पायजे गं दादाला?" आत्यानं विचारलं.

"काही न्हाई," आई म्हणाली, "गाडी सोडून राहिलेत."

पण दहा महिने झाले तरी शब्द काही फुटेना. एकदा आई दाणे निवडता निवडता म्हणाली, "जन्मभर मला गप बस म्हणत आले. आता एकदा म्हणावं की. शिवी दिली तरी चालंल मला." मला त्यांच्या आवाजाची इतकी आठवण यायची की बिलोलीची गाडी दिसली तरी मी दुसरीकडं बघायचो.

* * *

अकराव्या महिन्यातला रविवार. सुशीला शेजाऱ्यांच्या मेथीत घुसली. आई तिच्यामागं धावली, ओसरीच्या पायरीवर कोंबडीच्याच घाणीवरून सटकली आणि बसली ती उठेना. पाय घोट्यातून वाकडा. मी मोरीत कपडे धूत होतो. खिडकीतून बेल सुरू झाली. एक. एक. एक. बाहेर येऊन बघतो तर हे.

गल्लीतल्या रिक्षावाल्याला बोलावलं. आईला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं. ती कण्हत होती आणि मधे मधे सुशीलेला शिव्या देत होती. कोणत्या सुशीलेला, ते विचारलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आबाजवळ मी बसते, तुम्ही निघा." मी ड्रायव्हरच्या बाजूला टेकलो. रिक्षा सुरू झाली.

एक बेल.

रिक्षावाला गल्लीतलाच. त्यानं ब्रेक मारला.

बराच वेळ काही नाही. मग दारात आबा दिसले. डाव्या हातात काठी. अकरा महिन्यांत ओसरीच्या खाली उतरले नव्हते. मी धरायला धावलो, तर काठी माझ्यावरच उगारली. एक पायरी, दुसरी पायरी, अंगणातल्या कोंबड्या पायात घोटाळत होत्या. आबा रिक्षापाशी आले आणि आत बघितलं. सगळ्या सीटवर आई.

"सरका पुढं," आबा म्हणाले.

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. आई त्यांच्याकडं बघतच राहिली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी तिनं पुसलं नाही.

"पाय मोडलाय माझा," ती म्हणाली.

"पुढं जागा हाय."

आई सरकली. आबा बसले, आणि उजव्या हातानं रिक्षाच्या दांडीवर दोनदा ठोकलं.