दुसरी संचालक

मालवणच्या किनाऱ्यावर समुद्र जमीन खातो, म्हणून दगडांचे बंधारे घालावे लागतात. एका बड्या ठेकेदाराकडे मी चौदा वर्षं ही कामं बघत होतो. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. लाटेत दगड कसा बसवायचा हे मी त्याच्याकडे शिकलो, आणि माणसाला कसं मारायचं हेही तिथेच.

धामापूरच्या बाजूला एका तरुणाने शेठपेक्षा कमी दर भरून एका साकवाचं, ओढ्यावरच्या लहान पुलाचं, काम घेतलं होतं. शेठने आम्हा चौघांना पाठवलं. मी फावड्याचा दांडा घेऊन गेलो. पहिला फटका गुडघ्याच्या बाजूला मारायचा, म्हणजे माणूस पळत नाही. डोक्यावर मारायचं नाही, म्हणजे केस मोठी होत नाही. तो तरुण ‘दादा, नको’ म्हणत होता. मी तीन फटके मारले. घरी येऊन बांगड्याचं तिखलं आणि भात जेवलो, आणि मला झोपही लागली.

मी शेठला सोडलं ते या पापाची टोचणी लागून नव्हे. एकदा क्रेनच्या दोरीतून दगड सुटला आणि शेठने सगळ्या कामगारांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. तेवढ्यावरून सोडलं. हे इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

किनाऱ्यावर एक हॉटेल उभं राहत होतं. त्यांना समुद्राकडची भिंत बांधून हवी होती. मॅनेजर बाहेरचा होता, पण माझं काम त्याने पाहिलं होतं. तो म्हणाला, “काम तुम्हालाच द्यायचंय. पण आमच्याकडे ऑर्डर फक्त कंपनीच्या नावाने निघते. आधी कंपनी काढा.”

कंपनी काढायची म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. कुडाळला एक सीए बाई होत्या, वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी समोर कागद ठेवून समजावलं. कंपनीला पत्ता लागतो; घर आईच्या नावावर आहे, तर तिचं संमतिपत्र घ्या. नाव आधी मंजूर करून घ्यावं लागतं. “आणि प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक लागतात,” त्या म्हणाल्या. “दुसरं कोण?”

दोडामार्गचा माझा एक मित्र लगेच तयार झाला. त्याने आधार आणि पॅन पाठवलं. चौथ्या दिवशी फोन करून म्हणाला, “माझा नाव काढ रे. कोण ते इचारू नको. घराकडे दोघे जण येवन गेले.” त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

मी पडवीत बसून होतो. बायको सुकी मासळी आवरत होती. ती मच्छीमारांच्या घरातली. तिचं लहानपण मासळीच्या लिलावात गेलेलं, आवाज चढवून बोलायची तिला लाज नव्हती.

“माझा नाव घाला,” ती म्हणाली.

“तुका ठावक आसा काय कोण माणसां ती?”

“माका ठावक आसा. तुमी तेंच्यातलेच होतास ना?”

धामापूरचं तिला कळलं होतं, एवढं मला त्या दिवशी समजलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कुडाळला जाऊन कागद देऊन आलो.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला जीप आली. मी घरापुढच्या खळ्यात जुना घेतलेला काँक्रीटचा मिक्सर ग्रीस करत होतो. तिघे उतरले. तिघांबरोबर मी वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेलो. त्यातला एक, उंच, कामावर माझ्या हाताखाली तयार झालेला, तो पुढे आला. माझी नजर त्याच्या हातातल्या दांड्यावर गेली आणि मी नकळत गुडघा मागे घेतला. तरी फटका तिथेच बसला. मी खाली पडलो. दुसरा मिक्सरच्या इंजिनावर घण घालत होता, तो आवाज मला माझ्याच बरगड्यांतून आल्यासारखा वाटत होता. हातावर फटका बसला तेव्हा हाड मोडल्याचं ऐकू आलं. मग कुणीतरी तोंडावर लाथ मारली. ते मात्र आम्ही कधी करत नव्हतो.

“कंपनी काढतंस?” उंच म्हणत होता. “काढ ना! काढ!”

मग तो ओरडला. बायको मागच्या दारातून कोयता घेऊन आली होती. तिने त्याच्या दांडा धरलेल्या हातावर वार केला होता. दांडा पडला. त्याची दोन बोटं भलत्याच बाजूला लोंबत होती आणि रक्त जांभ्याच्या चिऱ्यांवर सांडत होतं. ती पुन्हा कोयता उगारून उभी राहिली. “अजून कोणाक होयो?” तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. बाकीचे दोघे त्याला उचलून जीपमध्ये घालून निघून गेले. आई ओट्यावर बसून दोन्ही हातांनी डोक्यावर मारून घेत होती.

मी जिल्हा रुग्णालयात नऊ दिवस होतो. बायकोला पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी नेलं. गुन्हा दोन्हीकडून दाखल झाला. तिला जामीन मिळाला तो तिच्या भावाने धावपळ केली म्हणून. सुटल्यावर ती घरी न जाता माझ्याकडे आली, आणि खाटेवर बसून पहिला प्रश्न विचारला तो कंपनीचा. “माझ्यावर केस पडली. आता माझा नाव चलतला काय?”

मी सीए बाईंना फोन लावला. त्यांनी आधी कलमं विचारून घेतली. मग म्हणाल्या, “गुन्हा दाखल होणं वेगळं, शिक्षा होणं वेगळं. आज त्या संचालक होऊ शकतात. पण तुम्हाला दोघांनाही खरंच हे करायचंय का?”

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला. “होय, करायचंय,” ती शुद्ध मराठीत म्हणाली.

डिजिटल सहीसाठी मोबाइलसमोर बसून व्हिडिओ द्यावा लागतो. माझा तो दोनदा नाकारला गेला. चेहरा ओळखपत्राशी जुळत नव्हता. डावा डोळा बंद होता, ओठ फाटलेला. तिसऱ्या वेळी बायकोने सूज उतरेपर्यंत पाच दिवस थांबवलं, मग स्वतः दाढी करून दिली आणि मोबाइल धरून उभी राहिली. तिचा व्हिडिओ पहिल्याच फटक्यात मंजूर झाला.

प्रमाणपत्र ईमेलने आलं. हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून तिनेच ते उघडून वाचलं. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. सीए बाईंनी सांगितल्याप्रमाणे महिन्याच्या आत पहिली बैठक घ्यायची होती. ती आम्ही स्वयंपाकघरात घेतली. सूर्य बुडायच्या आत चूल पेटवायची होती, म्हणून तिने घाईघाईने सह्या केल्या.

हॉटेलची भिंत आम्ही बांधली. शेठने पुन्हा कुणाला पाठवलं नाही. त्याला मोठी कामं मिळत होती, आणि आमच्यासाठी पुन्हा रक्त सांडणं त्याला परवडणारं नव्हतं, असं मी समजतो. रस्त्यात भेटला तर तो मान हलवतो. मीही हलवतो. केस अजून चालू आहे, तारखा पडतात.

मागच्या महिन्यात बायको मासळीच्या लिलावाला गेली होती. तिथे तो उंच माणूस बायकोमुलीसोबत आला होता. त्या मंगळवारनंतर आमच्यापैकी कुणीच त्याच्याशी बोललं नव्हतं. ती बोलायला म्हणून त्याच्या दिशेने गेली, असं मला तिथल्या एकाने फोनवर सांगितलं.

घरी आल्यावर तिने टोपली उतरवली आणि बराच वेळ हात धूत राहिली.

“काय म्हणालो तो?” मी विचारलं.

“काय नाय. माका वाटला शिवी देतलो.” तिने नळ बंद केला. “माका बघल्यान आणि तो हात खिशात घातल्यान. लपवल्यान हो. माझ्यापासून लपवल्यान.”

त्या दिवशी तिने आणलेले पेडवे मासे कुणी साफ केले नाहीत. संध्याकाळी ते मांजरांना घातले.