सहावा उद्गार कुणाचा

राजनंदिनीताई भालेराव यांना देवानं दोन देणग्या दिल्या होत्या: खणखणीत आवाज आणि पाव मिनिटात उकळणारं डोकं. देवासच्या औद्योगिक वसाहतीत सतरा वर्षं कामगारांसाठी गेटवर उभं राहताना दोन्ही कामी आल्या. पण छत्तीस घरांची ख्रिस्ती मंडळी गळ्यात पडली तेव्हा त्यांना कळलं, मालक परवडला. तो निदान एकटा भांडतो.

पाळकसाहेब इंदूरहून महिन्यातून एकदा येत. बाकी सगळं ताईंवर. नगर-जालन्याकडून नोकरीला आलेली मराठी माणसं म्हणायची, उपासना मराठीतच हवी. त्यांचीच पोरं हिंदी शाळेत शिकलेली. मराठी बायबल वाचताना एकेक अक्षर ढकलत नेतात. आणि सात घरं धार जिल्ह्यातल्या बाग गावाकडची, भिल, बांधकामावर राबणारी. ती चपला बाहेर काढून मागं फरशीवर बसत. पुढं खुर्च्या रिकाम्या. "वर बसा, तुम्ही काय पाहुणे आहात?" हे सांगून सांगून ताईंचा घसा बसला, ती घरं काही हलली नाहीत.

यंदाचा पेच उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा. त्या दिवशी बारा ते तीन, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तीनच्या ठोक्याला घंटा, की संपलं. सहावा उद्गार 'पूर्ण झाले आहे' हा बावीस वर्षं यशवंतराव पंडितांचा. रिटायर फोरमन, एप्रिलातही काळा कोट. पाचवा, 'मला तहान लागली आहे', कुणालाच नको. एवढ्याशा वाक्यावर वीस मिनिटं काय बोलायचं?

मागल्या वर्षी सातही वक्ते मराठी होते. तरुण पोरं मधूनच उठून गेली, भिल घरं ईस्टरलाही फिरकली नाहीत. म्हणून यंदा ताईंनी बैठकीत स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या.

"वचनाची सोडत काढता, बाई?" यशवंतराव उभे राहिले.

"प्रेषितांनी मत्थियाला कसा निवडला? चिठ्ठ्या टाकूनच ना?"

"वधस्तंभाखाली प्रभूच्या कपड्यांसाठी शिपायांनीही टाकल्या होत्या!"

सगळे हसले. उत्तर चोख होतं, म्हणून ताई जास्तच भडकल्या.

"ताई, काका का पॉइंट सही है," गिटारवाला अजेय म्हणाला.

"तू गप. तुझीही चिठ्ठी आहे यात."

चिठ्ठ्या निघाल्या. अजेयला सातवा. यशवंतरावांना पाचवा. आणि सहावा भिल घरांतल्या झमकूबाईला. अकरा वर्षांत त्या बाईनं या हॉलमध्ये 'आमेन'शिवाय शब्द काढला नव्हता.

यशवंतरावांनी चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली. "ठीक. मग माझ्या बाजूची बारा मराठी घरं ईस्टरपासून माझ्या घरी उपासना करतील. तुम्ही तुमचे 'भिया, भिया' करणारे हिंदीवाले सांभाळा."

म्हणजे मंडळी फुटणार. ज्या एका छपरासाठी ताईंनी एवढी वर्षं डोकं फोडून घेतलं, तेच जाणार. दुसऱ्या दिवशी खुद्द झमकूबाई दारात. "ताई, काका को दे दो. मेरे को नहीं आता."

"नाही देणार!" ताई कडाडल्या. "जो उठतो तो मलाच शहाणपण शिकवतो! तुझ्यासाठी भांडतेय, आणि तूच माघार घेतेस?"

शुक्रवारी यशवंतराव आले. कोट घालून, हातात नऊ पानं, मागं बारा घरं. दोन वाजून दहा मिनिटांनी ते तहानेवर बोलायला उभे राहिले. याकोबाची विहीर झाली, त्या विहिरीवरची शोमरोनी बाई झाली, देवासचे पाण्याचे टँकर झाले. ताईंनी घड्याळ दाखवलं. खाकरल्या. शेवटी उठून त्यांच्या डोक्यावरचा पंखाच बंद केला. यशवंतरावांनी रुमालानं मान पुसली, घोटभर पाणी प्यायले आणि मोशेनं पाणी काढलेल्या खडकाकडे वळले.

खाली बसले तेव्हा घड्याळात दोन छप्पन्न.

झमकूबाई अनवाणीच पुढं आली. पदर दातात धरलेला. तो सोडून म्हणाली, "वो बोला, पूरा हुआ. हमारा काम पूरा नहीं होता. दीवार पूरी करो, तो ठेकेदार दूसरी बताता. उसका पूरा हुआ. अब कोई उसको नहीं बोलेगा, कल फिर आना."

आणि जाऊन बसली. अजेयनं सातवं वचन मराठीत अडखळत वाचलं आणि घंटा झाली. त्याचं भाषण खिशातच राहिलं.

यशवंतराव ताईंकडे आले. ताईंनी पदर खोचला. आता फूट जाहीर करणार हा माणूस.

"बाई, पुढल्या वर्षी पाचवा मलाच ठेवा. शोमरोनी बाईचं बरंच राहिलं."

"आणि सहावा?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. झमकूबाई चपला घालत होती. "मी बावीस वर्षं बोललो, हे नाही सुचलं." मग ताईंकडे वळले. "ईस्टरला खुर्च्या किती लावायच्या?"

"सगळ्या. आणि पुढल्या वर्षीही चिठ्ठ्याच, सांगून ठेवते."

"शिपायांची पद्धत!" पुटपुटत ते खुर्च्या रचू लागले.

ताईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच आवाजही चढला. "ए झमकू! ईस्टरला वर खुर्चीवर बसायचं, कळलं?"

"नहीं ताई," झमकूबाई दारातून म्हणाली, "नीचे ठंडा लगता है."