तुपात न बुडवलेले बाफले

तूप-तेल, दूध सोडल्यापासून वजन हळूहळू उतरत होतं, गुडघेही कुरकुरत नव्हते. तेवढ्यात नणंदेनं धारला जेवायला बोलावलं. तिच्याकडे बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, तुपात बुडवूनच वाढतात. माझी आधीची दोन्ही पथ्यं तिथेच मोडली होती. या वेळी देवासहून आधीच फोन केला.

“वन्सं, माझे बाफले भाजून झाले की तसेच बाजूला ठेवा.”

“अहो वहिनी, कोरडे घशाखाली उतरतील का?”

“डाळ भरपूर वाढा.”

तरी पानावर बसताना धाकधूक होतीच. वन्संनी माझ्या पानात कोरडे बाफले कुस्करले, बिनफोडणीची डाळ ओतली आणि स्वतःलाही तसंच वाढून घेतलं.

“डॉक्टर मलाही ओरडतात हो!”

इतकं सोपं होतं तर! मी निवांतपणे आणखी डाळ मागितली.