टोक कापलेल्या स्ट्रिपा

"तुमचं सील नंतर बघू, साहेब. माझ्याकडे पेशंट आहे." डॉ. मुलाणी दुकानाच्या दारातूनच बोलले. भिगवणच्या सरकारी दवाखान्याचे ते डॉक्टर. मी ड्रग इन्स्पेक्टर, बारामती-इंदापूरची मेडिकल दुकानं माझ्याकडे. दिलीपरावांच्या दुकानातल्या टेट्रासायक्लिनच्या खोक्यांना मी नुकतीच लाख लावली होती.

१९९४ सालची गोष्ट. सुरतेत प्लेग निघाला होता. काही देशांनी भारतात येणारी विमानं बंद केली. इकडे प्लेगवर चालणाऱ्या या स्वस्त औषधाच्या स्ट्रिपा धडधाकट लोकांनी घरात भरून ठेवल्या. बाजार रिकामा झाला की बनावट माल येतो. या खोक्यांना बिल नव्हतं, कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

पेशंट निमगाव केतकीचा, सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला. भिगवण स्टेशनवर उतरला तेव्हाच अंगात ताप आणि थुंकीत रक्त. दवाखान्यातलं औषध संपलेलं. पुण्याचा साठा उद्या येणार. त्याला पुण्याला न्यायला एकही गाडीवाला तयार नव्हता.

डॉक्टरांच्या मागे त्याचे वडील उभे होते, गेनबातात्या. "त्या खोक्यात हाय न्हवं औषध? मग द्या की."

"त्यात काय आहे ते मलाच माहीत नाही, तात्या."

"माझ्या घरात मेंढरांची पावडर हाय. त्यातबी हेच असतंय म्हणं. ती देऊ का?"

मी धनगराच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट. ती पावडर मी लहानपणी हाताने कालवली आहे. मेंढरांचा डोस माणसाला लागू नाही, म्हणालो.

"म्हंजे हेबी न्हाय, तेबी न्हाय. आपल्यातलाच सायेब झाला, त्याचा ह्यो उपेग."

मी दुकानातला फोन पुढे ओढला. पुण्याला माझ्या वरच्या साहेबांना लावला. ते म्हणाले, "सील तोडायचं नाही. आणि पेशंट दगावता कामा नये." फोन ठेवला त्यांनी.

"दिलीपराव, याच्या आधीचा माल कुणाचा होता?"

"एकदम चोख, साहेब. बिलासकट. चार दिवसांत गावात गेला."

"कुणाकुणाकडे?"

"सगळी आपलीच गिऱ्हाइकं."

"मग उठा. घरोघर जाऊन परत मागा."

विकलेलं औषध दुकानात परत घेऊन दुसऱ्याला द्यायचं नसतं, हा नियम मीच सगळ्यांना शिकवत होतो. पण त्या मालाची कंपनी आणि बॅच मला तपासता येत होती. खोक्यांचं तसं नव्हतं.

दिलीपराव लुनावर गेले आणि पिशवी घेऊन आले. "लोकं सोडंनात, साहेब. उद्या आमच्यात ताप आला तर काय, म्हणाली. अर्धं-अर्धं कापून दिलं."

मी पिशवी टेबलावर ओतली आणि तुकडे चाळले. स्ट्रिपच्या एका टोकाला बॅच नंबर आणि तारीख ठोकलेली असते. बहुतेकांनी ते टोक स्वतःकडे ठेवून उरलेला तुकडा दिला होता. मनाने दिलं होतं, पण त्या तुकड्यांवर वाचायला काही नव्हतं. एकेक तुकडा उलटून मी बाजूला टाकू लागलो.

"ह्या का टाकता?" तात्यांनी टाकलेला एक तुकडा उचलला. "सारख्याच दिसत्यात की समद्या."

"बनावटही सारख्याच दिसतात, तात्या."

नंबर असलेले तुकडे मूठभर निघाले. दुकानातल्या बिलाशी नंबर जुळवले, डॉक्टरांच्या हातात दिले. त्यांनी मोजून पाहिलं. "उद्यापर्यंत पुरतील. कसेबसे."

पोरगा वाचला. नंतर तपासणीत प्लेग निघाला नाही, न्यूमोनिया होता. औषध त्यालाही लागू पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मुंबईच्या लॅबमधून खोक्यांचा रिपोर्ट आला तोवर साथ ओसरली होती. कॅप्सूलमध्ये स्टार्च होता, औषध नावापुरतं. दिलीपरावांचं लायसन्स मीच सस्पेंड करायला पाठवलं. त्यांनी त्या दिवशी केलेली मदत रिपोर्टात लिहिली, पण लायसन्स वाचलं नाही.

तात्या पुढे निमगावच्या बाजारात भेटले. "त्या दिशी तुमी लई कडू वाटला," एवढंच म्हणाले आणि चहा सांगितला.

साथ आली की लोक विचारतात, औषध आहे का? आमच्या खात्याला त्याच्या आधी विचारावं लागतं, हे औषधच आहे का? असं विचारणारा कुणालाच आवडत नाही. तुम्ही एवढंच करा: स्ट्रिप कापून कुणाला द्यायची वेळ आली, तर नंबर-तारखेचं टोक त्याच्या तुकड्यावर राहू द्या.